नैराश्य वाढलंय की आता मोजलं जातंय?

मोजपट्टी (धागाकर्ता)

"पूर्वी असलं काही नव्हतं" आणि "आता घरटी एक डिप्रेशनचा पेशंट आहे" ही दोन वाक्यं हल्ली एकाच दमात ऐकू येतात. आधार विचारला की विषय मोबाइलवर जातो. म्हणून हा धागा. आधी आकडे नीट मांडू, मग कारणं, मग करायचं काय ते.

सुरुवात जगापासून करतो. १९९० साली जगभरात नैराश्याचे नवे रुग्ण अंदाजे १७ कोटी २० लाख होते, २०१७ साली २५ कोटी ८० लाख. म्हणजे जवळपास ५० टक्के वाढ. बहुतेक बातम्या इथे संपतात. पण त्याच काळात जगाची लोकसंख्या साधारण ५३० कोटींवरून ७५० कोटींवर गेली. शिवाय लोकसंख्येत लहान मुलांचा वाटा घटला आणि प्रौढांचा वाढला. नैराश्य मुख्यतः प्रौढांत दिसतं, त्यामुळे माणसं मोठी झाली तरी रुग्णसंख्या आपोआप चढते. या दोन गोष्टींचा हिशेब वजा केला तर लाखामागे रुग्णांचा दर वाढलेला दिसत नाही, उलट किंचित उतरलेला दिसतो. अर्थात डॉक्टरच्या दाराशी दर येत नाही, माणसं येतात, आणि ती दीडपट झाली आहेत. तेव्हा "वाढ खोटी आहे" असंही कुणी म्हणू नये.

दुसरा पुरावा कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या स्टर्लिंग काउंटी पाहणीचा. एकाच भागात १९५२, १९७० आणि १९९२ साली प्रौढांची तपासणी झाली. तिन्ही वेळा नैराश्याचं प्रमाण साधारण ५ टक्केच निघालं. बदललं ते त्याचं वाटप: १९९२ मध्ये ४५ च्या आतल्या स्त्रियांचा वाटा वाढलेला होता.

माझं म्हणणं असं की सरसकट वाढ शोधण्यापेक्षा ती कोणत्या गटात, कधीपासून आणि कशामुळे झाली ते शोधावं. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी लिहावं. स्वतःचे अनुभव कृपया इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे.

आणि एक. ज्यांना आत्ता या क्षणी जगणं नकोसं झालंय त्यांनी हा धागा वाचत बसू नये. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.


दशांश

उत्तम मांडणी. मी मोजण्याच्या बाजूची आणखी दोन छिद्रं दाखवतो.

पहिलं आठवणीचं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये लोकांना "आयुष्यात कधी असा काळ येऊन गेला का?" असं विचारलं गेलं. तरुणांनी वृद्धांपेक्षा जास्त वेळा "हो" म्हटलं. त्यावरून दर पिढीत नैराश्य वाढत चाललंय असा निष्कर्ष निघाला आणि तो खूप गाजला. अडचण अशी की सत्तरीतल्या माणसाला पंचविशीतले वाईट महिने आठवतातच असं नाही. आठवले तरी ते तो "तेव्हा नोकरी नव्हती" म्हणून सांगतो, आजार म्हणून नाही. त्यामुळे "आयुष्यात कधी" या प्रश्नावर उभ्या असलेल्या तुलनांवर फार भार टाकू नये. "गेल्या दोन आठवड्यांत" किंवा "गेल्या वर्षभरात" असं विचारून, ठरावीक वर्षांनी पुन्हा केलेली पाहणीच कामाची.

दुसरं छिद्र चाळणी चाचणीचं, आणि बातम्यांमधला सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच होतो. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी आहे. १० किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता धरतात. २००१ च्या मूळ अभ्यासात या रेषेवर तिची पकड ८८ टक्के होती, आणि आजार नसलेल्यांना वगळण्याची ताकदही ८८ टक्के. ऐकायला छान. आता १००० माणसं घ्या आणि खरं प्रमाण ५ टक्के धरा. ५० आजारी, त्यातले ४४ सापडले. उरलेल्या ९५० मधल्या १२ टक्क्यांना, म्हणजे ११४ जणांना, चाचणीने चुकून आजारी ठरवलं. एकूण १५८. बातमी येते "जवळपास १६ टक्के लोक नैराश्यग्रस्त", आणि खरे रुग्ण त्यात चारांत एकाहून थोडे जास्त.

चाचणी वाईट नाही. पुढे मुलाखत घेऊन निदान पक्कं करायचं असतं, ही दुसरी पायरी ऑनलाइन सर्वेक्षणांत गळून पडते. म्हणून कुठलाही आकडा दिसला की आधी बघा: चाचणीचा की मुलाखतीचा?


रानवारा

म्हणजे सगळी गफलत मोजण्याचीच? शाळा-कॉलेजातल्या मुलांचं जे दिसतंय त्याचं काय? शिक्षकांना विचारा, कुणीही सांगेल.


कोरांटी

रानवारा, तुमची शंका बरोबर आहे. किशोरवयात वाढ खरी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, आणि तिचा पुरावा "आयुष्यात कधी" वर उभा नाही.

अमेरिकेत दरवर्षी एक राष्ट्रीय पाहणी होते. १२ ते १७ वयाच्या मुलांना गेल्या वर्षभराबद्दल तेच प्रश्न विचारतात. २००५ मध्ये ८.७ टक्के मुलांनी नैराश्याचा काळ येऊन गेल्याचं सांगितलं, २०१४ मध्ये ११.३ टक्के, आणि २०२१ पर्यंत आकडा २० टक्क्यांच्या आसपास गेला. मुलींमध्ये वाढ बरीच जास्त. २०२० पासून काही मुलाखती ऑनलाइन झाल्या, म्हणून शेवटचा आकडा जपून वापरावा. पण चढ त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला आहे. याच काळात डॉक्टरांना किशोरांची चाळणी करायला सांगितलं गेलं, तिथल्या रुग्णालयांची आजार नोंदवायची पद्धतही ऑक्टोबर २०१५ मध्ये बदलली. त्यामुळे रुग्णालयांतल्या नोंदींचा काही भाग कागदी वाढ आहे. घरोघरच्या पाहणीला ते कारण लावता येत नाही.

आता मोबाइल. इथे दोन्ही टोकं चुकतात. २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणात किशोरांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकच डिजिटल वापराशी जोडता आला. दुसऱ्या बाजूला, २०१८ मध्ये अमेरिकेत लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं, तेव्हा त्यांना थोडं पण मोजता येईल इतकं बरं वाटलं. फेसबुक सुरुवातीला एकेका कॉलेजात पोचत होतं, त्या काळाच्या अभ्यासातही ते आलेल्या ठिकाणी विद्यार्थ्यांचं मनःस्वास्थ्य घसरलेलं दिसलं. माझं मत असं की सरासरी परिणाम छोटा आहे, पण तो सगळ्यांवर सारखा पसरलेला नाही. रात्री दोनपर्यंत जागून स्वतःची तुलना करत बसणारी मुलगी आणि क्रिकेटचे स्कोअर बघणारा मुलगा यांचे "स्क्रीनचे तास" एकाच रकान्यात टाकले की काहीच हाती लागत नाही.

मधली कडी झोपेची आहे आणि ती घरात बदलता येते. सततचा निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. क्लास, सकाळची शाळा आणि फोन यांत सहा तास उरले तर बाकी कितीही समजावा, उपयोग नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. ज्या वयात झोपेचं घड्याळ निसर्गतःच पुढे सरकतं त्या आठवी ते बारावीच्या मुलांना मात्र त्यातून काही मिळालं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

घरात करायचं ते असं. फोन रात्री झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावायचा नाही, घरातल्या मोठ्यांचाही नाही, नाहीतर नियम आठवड्यात मोडतो. उठवायला साधं गजराचं घड्याळ आणायचं. झोपायची वेळ लादण्यापेक्षा उठायची वेळ पक्की करायची, रविवारीसुद्धा तासाभराहून जास्त फरक नको. परीक्षा महिन्यावर आली असताना फोन एकदम काढून घ्यायचा नाही. अभ्यासाच्या नोट्स आणि मैत्रिणी दोन्ही त्यातच असतात, आणि भांडणातच पंधरा दिवस जातात.


दख्खनी

आपल्याकडचे आकडे. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, १२ राज्यांत. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, म्हणून "महाराष्ट्रात अमुक टक्के" असं या सर्वेक्षणाच्या नावावर कुणी सांगितलं तर ते चुकीचं आहे. त्यात त्या वेळी नैराश्य असलेले प्रौढ २.७ टक्के आणि आयुष्यात कधीतरी होऊन गेलेले ५ टक्क्यांच्या थोडे वर निघाले. म्हणजे वीसांत एक. प्रमाण स्त्रियांत जास्त, महानगरांत जास्त, आणि ४० ते ४९ या वयोगटात जास्त.

हा शेवटचा मुद्दा आपल्या चर्चांतून गायब असतो. चाळिशीतली स्त्री: सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलांची दहावी-बारावी, नोकरी असेल तर ती, आणि पाळी जाण्याचा काळ. तिचं चिडणं, रात्री तीनला जाग येणं आणि सणावारात मन न लागणं "वयाचं आहे" म्हणून सोडून दिलं जातं.

त्याच सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना होते. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं आपल्याकडे नोंदी वाढतच जाणार आहेत, आणि त्या वाढल्याच पाहिजेत.


सांजवेळ

एकत्र कुटुंबं मोडली हे मूळ कारण वाटतं. घरात माणसं होती तेव्हा कुणी एकटं पडत नव्हतं.


दीपमाळ

सांजवेळ ताई, अर्धं पटतं. १९७८ मध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अजूनही या विषयात तो पाया मानला जातो. मोठा आघात झाल्यावर कोण कोसळतं आणि कोण तग धरतं, हे ठरवणाऱ्या चार गोष्टी त्यांना सापडल्या: वयाच्या अकराव्या वर्षाआधी आई गेलेली असणं, घरात चौदाच्या आतली तीन किंवा जास्त मुलं असणं, घराबाहेर पगाराचं काम नसणं, आणि मनातलं सांगता येईल असं जवळचं माणूस नसणं. घरात डोकी किती, हा मुद्दा नव्हता. बारा माणसांच्या वाड्यातल्या सुनेला मनातलं बोलायला एकही माणूस नसणं शक्य होतं, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईला शेजारीण पुरते.

मग आधुनिक जगण्यात नेमकं काय बदललं? आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांतून साधारण ३७ टक्के निघतो, पण तीस-चाळीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. तेव्हा जिथे वाढ खरी आहे तिथे ती परिस्थितीतूनच आलेली असणार. माझ्या मते तीन गोष्टी जड आहेत. नोकरीसाठी गाव सोडल्यावर जवळचं माणूस दूर राहतं आणि नवं जुळायला वर्षं जातात. पाळ्यांची नोकरी आणि लांबचा प्रवास झोप आणि जेवणाच्या वेळा मोडतात. तिसरी गोष्ट पैशाची अनिश्चितता: गरिबी जितकी, तितकीच पुढच्या महिन्याची खात्री नसणं. सर्वांत कमी उत्पन्न गटात नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण वरच्या गटाच्या दीड ते तीनपट असतं. संबंध दोन्ही दिशांनी चालतो. कर्जामुळे माणूस खचतो, आणि खचलेला माणूस हप्ता, पेरणी, नोकरीची मुलाखत सगळं चुकवत जातो.

इथे विदर्भाचं उदाहरण दिलंच पाहिजे, कारण मोजपट्टी यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी नैराश्याविषयी बोलायचं, पहिला आधार द्यायचा, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पोचवायचं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. दवाखान्याचं रजिस्टर बघणाऱ्याला वाटेल की गावात साथ आली. प्रत्यक्षात त्याच गावांत नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर उतरलं. हे आकडे चाळणी चाचणीचे आहेत, म्हणून मोठे दिसतात, पण दोन्ही वेळा मोजमाप तेच होतं, त्यामुळे तुलना चालते. नोंद वाढणं आणि आजार कमी होणं एकाच वेळी घडू शकतं.


दशांश

कोविडची भर घालतो. २०२० या एका वर्षात जगभरात नैराश्याचे रुग्ण अपेक्षेपेक्षा सुमारे २७.६ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज आहे, स्त्रिया आणि तरुणांत जास्त. अनेक देशांतून पाहण्याच नव्हत्या, तिथे गणिती प्रारूपाने भरलेले आकडे आहेत. दिशा पक्की, नेमका आकडा सैल.


नाडी

ओपीडीच्या बाजूने लिहिते. आपल्याकडे नैराश्य "मला उदास वाटतं" असं म्हणत येत नाही. डोकं जड, अंग मोडून आल्यासारखं, छातीत धडधड, पोट साफ नाही, गॅस, कंबर, झोप नाही. हे फक्त आपलंच नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतल्या एका अभ्यासात, नैराश्याचे निकष पूर्ण करणाऱ्यांपैकी ६९ टक्के लोक केवळ शारीरिक तक्रार घेऊन डॉक्टरकडे आले होते. मग ईसीजी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी होते, "रिपोर्ट नॉर्मल" येतात आणि पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पूर्वी हे कधीच नैराश्याच्या खात्यात धरलं गेलं नाही. आजच्या वाढीतला मोठा वाटा या खात्याच्या दुरुस्तीचा आहे.

उलटी चूकही तितकीच होते, म्हणजे शरीराच्या आजाराला नैराश्य समजणं. निदानाआधी थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि रक्तातली साखर एवढं तरी बघावं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते. घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेतल्या श्वासरोधाचा विचार करावा. चालू औषधं सांगावीत, विशेषतः स्टिरॉइड. दारूचं प्रमाण खरं सांगावं. रोज पिणाऱ्याची उदासी काही वेळा तीन-चार आठवडे दारू बंद ठेवल्यावरच निवळते, पण रोजची सवय असेल तर ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबवावी, एकदम बंद केली तर फिट येऊ शकते.

आणि एक प्रश्न कुठल्याही गोळीच्या आधी विचारलाच गेला पाहिजे: कधी सलग चार-पाच दिवस झोप अगदी कमी होऊनही थकवा नाही, बोलणं भराभर, खर्च बेफाम, असं झालं होतं का? घरात कुणाला? उत्तर "हो" असेल तर तो द्विध्रुवी (बायपोलर) आजार असू शकतो. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उन्मादात जाऊ शकतो. हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर नातेवाइकांनी आपणहून सांगावं.


पानगळ

पीएचक्यू-९ घरी भरता येते का? कशी भरायची?


दशांश

येते. मराठीत उपलब्ध आहे. प्रत्येक प्रश्न गेल्या १४ दिवसांबद्दल. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ० ते २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र.

चुकतं कुठे: आईवडिलांसमोर भरली की गुण खाली येतात. तापातून उठल्यावर भरली की थकवा, भूक आणि झोपेचे तीन प्रश्न उगाच गुण चढवतात. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर गुण चढणारच, तिथे आकड्यापेक्षा माणसाशी बोलणं महत्त्वाचं. १० ते १४ मध्ये असाल आणि कामं कशीबशी चालू असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा, तोवर झोप-हालचाल सुधारा. १५ च्या पुढे वाट बघायची नाही. उपचार सुरू झाल्यावर ५ गुणांचा उतार आला की खरा फरक पडला असं धरतात, एक-दोन गुणांवरून आनंद वा निराशा नको.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ० सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं.


दीपमाळ

उपचारांत "बोलून काय होणार" असं म्हणणाऱ्यांसाठी गोव्याचा दाखला. संगत या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ प्रौढांवर चाचणी घेतली. सगळे मध्यम-तीव्र ते तीव्र गटातले. समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य नागरिक होते. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी ३०-४० मिनिटं. तीन महिन्यांनी आजारातून बाहेर आलेले ६४ टक्के. आरोग्य केंद्रातले नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पद्धतीचा गाभा म्हणजे कृती आधी, मूड नंतर. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सोडल्यामुळे दिवसात समाधान देणारं काही उरत नाही आणि मन आणखी खाली जातं. हे चक्र विचारांच्या टोकाने तोडणं अवघड, कृतीच्या टोकाने सोपं.

करायचं असं. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद. वहीत दिवसाचे तास पाडायचे, त्या तासात काय केलं ते दोन शब्दांत आणि मन कसं होतं ते ० ते १० मध्ये. आठवड्याने वही बघितली की बहुतेकांना दिसतं की आकडा दिवसभर सारखा नसतो. अंथरुणात फोन घेऊन लोळण्याच्या तासांत तो सहसा तळाला असतो, भाजी आणायला गेलेल्या अर्ध्या तासात दोनाने वर. दुसऱ्या आठवड्यात वर नेणाऱ्या दोन-तीन गोष्टी निवडायच्या आणि वार, वेळ, जागा घालून लिहायच्या. "व्यायाम करीन" असं नाही, तर "मंगळवारी सकाळी सात वाजता चपला घालून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत, दहा मिनिटं". एक गोष्ट आनंदाची, एक काम उरकल्याचं समाधान देणारी, एक माणसांशी जोडणारी. तिसऱ्या आठवड्यापासून टाळलेलं एक काम, समजा वीजबिलाची तक्रार, तुकडे करून: आज फक्त बिल शोधून टेबलावर ठेवायचं.

फसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: पहिलं पाऊल फार मोठं ठेवलेलं असतं. एरवी तासभर चालणारा माणूस "निदान अर्धा तास" लिहितो, जमत नाही, आणि "बघा, मी काही कामाचा नाही" याला पुरावा मिळतो. जमेल असं वाटतं त्याच्या निम्मं लिहा. दुसरी चूक घरच्यांची, वही तपासायची. वही त्या माणसाची असते.


नाडी

गोळ्यांबद्दल थोडक्यात, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुऑक्सेटिन ही नेहमीची औषधं. २०१८ च्या मोठ्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि २१ औषधं तपासली. सगळी औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा (प्लासिबो) सरस ठरली, पण फरक माफक आणि तीव्र आजारात जास्त स्पष्ट. सौम्य आजारात आधी वर दीपमाळ यांनी सांगितलेलंच करावं.

त्रास आधी येतो, फायदा नंतर. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता पहिल्या एक-दोन आठवड्यांत. फायदा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, पूर्ण अंदाज यायला सहा आठवडे. दहाव्या दिवशी "त्रासच जास्त" म्हणून बंद करणारे बरेच. बरं वाटल्यावर दुसऱ्या महिन्यात बंद करणारे त्याखालोखाल, आणि त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण मोठं. पूर्ण बरं वाटल्यानंतर किमान सहा महिने चालू ठेवायची, मग डॉक्टरच्या सल्ल्याने मात्रा पायरीपायरीने उतरवायची. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. लोक त्याला "सवय लागली" म्हणतात. मात्रा हळू उतरवली की हा त्रास बहुतेकांना टळतो किंवा सौम्य राहतो.

ज्या गोळीची खरोखर सवय लागते ती वेगळीच, झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम. तिने नैराश्य बरं होत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या पुढे ती चालू असेल तर डॉक्टरांना विचारा का, पण मनाने एकदम बंद करू नका.

पंचविशीच्या आतल्यांना पहिले काही आठवडे जवळून बघावं लागतं, अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात. वृद्धांत रक्तातलं सोडियम घसरू शकतं, विशेषतः रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. अचानक गोंधळल्यासारखे वागू लागले तर सोडियम तपासा.


दख्खनी

कायद्याचं एक. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल २०१८ पासून. कलम २१(४) प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. प्रत्यक्षात दावा अडतो तो वेगळ्या जागी: नैराश्याचे उपचार बहुतेक वेळा ओपीडीत होतात आणि साध्या पॉलिसीत २४ तास भरती असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. पॉलिसी घेताना ओपीडीची जोड आहे का आणि मानसिक आजारांची प्रतीक्षा मुदत किती, हे दोन मुद्दे लेखी विचारा.

कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. हे इथे लिहितोय कारण पोलिसांच्या भीतीने घरचे दवाखान्यात "चुकून प्यायलं", "पडली" असं सांगतात, नेमकं काय पोटात गेलं ते लपवतात, आणि उपचाराचे पहिले तास चुकीच्या दिशेने जातात. डबा किंवा पाकीट सोबत न्या आणि खरं सांगा.


पानगळ

शेवटचा प्रश्न. घरातलं मोठं माणूस "मी वेडा नाही" म्हणून डॉक्टरकडे यायलाच तयार नसेल तर?


नाडी

मनोविकारतज्ज्ञापासून सुरुवात करू नका. त्यांना स्वतःला जी तक्रार खरी वाटते ती धरा, बहुतेक वेळा झोप किंवा थकवा. "बाबा, झोप लागत नाही तर एकदा रक्त तपासून घेऊ" याला नकार क्वचित येतो. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून चार गोष्टी सांगून ठेवा: कधीपासून, काय काय सोडलं, वजन किती घटलं, मरणाची भाषा आहे का. डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटं त्यांना एकटं बोलू द्या. मुलांसमोर वडील रडत नाहीत. पुढे पाठवायचं झालं तर तो सल्ला डॉक्टरांच्या तोंडून आणि चिठ्ठीवर येऊ द्या. तारीख तिथेच ठरवून घ्या, "बघू पुढच्या महिन्यात" वर उठू नका.

तोवर १४४१६ ला नातेवाइकांनीही फोन करून सल्ला घेता येतो, रुग्णच लागतो असं नाही. आणि घरात कीटकनाशक, जास्तीच्या गोळ्या असतील तर त्या आजच शेजाऱ्याकडे किंवा कुलपात ठेवा. त्यासाठी त्यांच्या संमतीची वाट बघायची नाही.